मलय समाजातला इस्लामी कायदा कसा घडत गेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'मलय' म्हणजे मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरचा आणि आसपासचा मलयभाषक मुस्लिम समाज. त्यात आजचा मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि दक्षिण थायलंड येतात, तसेच सुमात्राचा काही भागही. इंडोनेशियाचा राष्ट्रीय कायदा हा वेगळा आणि मोठा विषय आहे, म्हणून त्यात इथे शिरलेलो नाही.

मलय लोकांनी शरियत नेमकी कधी स्वीकारली?

एक साल सांगता येत नाही. जो सांगेल त्याच्याकडे पुरावा मागावा. उत्तर सुमात्रातल्या समुद्र-पासाई राज्याच्या मलिक अल-सालिह या सुलतानाच्या कबरीवर हिजरी 696, म्हणजे इ.स. 1297 हे साल आहे. इब्न बतूता 1345-46 च्या सुमारास तिथे पोचला तेव्हा गादीवरचा सुलतान शाफई या सुन्नी कायदेपंथाचा होता आणि फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, चर्चेत रमत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. मलय द्वीपकल्पावरचा सर्वांत जुना कायदेविषयक पुरावा मात्र तेरेंगानूच्या शिलालेखाचा.

त्या शिलालेखात काय लिहिले आहे?

हा दगड कुआला बेरांगजवळ सापडला. मजकूर मलय भाषेत पण अरबी वळणाच्या जावी लिपीत आहे. साल साधारणपणे हिजरी 702, म्हणजे 1303 असे दिले जाते, पण दगड नेमका सालाच्या शब्दांवरच तुटला आहे. 'सातशे दोन' इतके वाचता येते आणि पुढचा भाग नाही. मलय भाषेत वीस हा आकडाही 'दोन'नेच सुरू होतो, त्यामुळे काही अभ्यासक हे साल चौदाव्या शतकात बरेच पुढे नेतात. 1303 हे साल छापताना शेजारी 'बहुधा' लिहावे.

मजकुरात कर्जाचे नियम आहेत आणि व्यभिचाराची शिक्षा आहे. अविवाहिताला वेताचे शंभर फटके, विवाहिताला कमरेपर्यंत पुरून दगडांनी मारणे. इथपर्यंत फिक्हचे पुस्तक उघडून लिहिल्यासारखे वाटते. पण लगेच पुढे दरबारी दर्जाप्रमाणे दंडाचे दर येतात, आणि दर्जानुसार दंड ही जुन्या स्थानिक प्रथेची गोष्ट आहे. ईश्वरासाठीही संस्कृतातून आलेला 'देवता'युक्त शब्द वापरला आहे. म्हणजे उपलब्ध असलेल्या पहिल्याच कागदावर, अर्थात दगडावर, दोन कायदे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. पुढची सहाशे वर्षे ही बैठक मोडलेली नाही.

मलय लोक शाफईच का? कोकणी मुसलमानही शाफई आहेत, त्याचा काही संबंध?

हिंदी महासागराच्या काठाने गेले की शाफई पंथ सलग भेटतो. यमनचा हद्रमौत, पूर्व आफ्रिकेचा किनारा, रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान, मलबार, तमिळ किनारा आणि पुढे मलय जग. देशावर आणि उत्तरेत हनफी हा दुसरा सुन्नी कायदेपंथ, किनाऱ्यावर शाफई, अशी ही विभागणी जहाजांच्या वाटांनी झाली आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज तोमे पिरेश याने मलाक्कातल्या व्यापाऱ्यांची यादी दिली आहे. तिच्यात चौल, दाभोळ आणि गोव्याची माणसे आहेत. मात्र एवढ्यावरून 'इस्लाम कोकणातून मलाक्काला गेला' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. एकाच बाजारात माल विकणे वेगळे आणि धर्मशास्त्र शिकवणे वेगळे. गुजरातचा दावाही असाच अर्धवट आहे. पासाईतल्या काही कबरींचे दगड खंबायतहून आणलेले आहेत हे खरे, पण गुजरातेत हनफी अधिक. सुरतेजवळच्या रांदेरचा नूरुद्दीन अर-रानिरी उत्तर सुमात्रातल्या आचेच्या दरबारात 1637 ते 1644 मोठ्या अधिकारावर होता. तो शाफई होता, कारण त्याचे घराणे मूळचे हद्रमौतचे.

मलाक्काची संहिता म्हणजे शरियतचीच संहिता ना?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. मलाक्काचे राज्य 1400 च्या आसपास उभे राहिले आणि 1511 मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने ते घेतले. आदल्याच वर्षी, 1510 मध्ये, त्याच अल्बुकर्कने गोवा घेतला होता. या शंभरेक वर्षांत 'उंदांग-उंदांग मलाका' ही 44 प्रकरणांची संहिता तयार झाली. तिचा गाभा मुहम्मद शाह (1424-1444) आणि मुझफ्फर शाह (1445-1458) यांच्या काळातला मानतात. पुढच्या नकलकारांनी तिच्यात भर घातली, म्हणून हस्तलिखिते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

संहितेची रचना पाहण्यासारखी आहे. गुन्हा सांगायचा, मग प्रथेप्रमाणे किंवा राजाज्ञेप्रमाणे शिक्षा सांगायची, आणि शेवटी 'पण अल्लाच्या हुकुमाप्रमाणे' अशी सुरुवात करून दुसरी शिक्षा सांगायची. न्यायाधीशाने यातली कोणती द्यायची हे बऱ्याच ठिकाणी मोकळे सोडले आहे. चोरीचेच घ्या. शरियतची शिक्षा हात तोडण्याची. पण किरकोळ चोरीला चोराच्या तोंडाला राख, चुना, हळद फासायची, कानाशी जास्वंद खोचायची, छत्रीच्या जागी डोक्यावर जेवण झाकायची जाळी धरायची, पांढऱ्या रेड्यावर बसवायचे आणि डांगोरा पिटत गावभर फिरवायचे. वर चोरलेला माल परत. आपल्याकडची गाढवावरून धिंड आठवते.

लग्न, तलाक, खरेदी-विक्री आणि साक्षीची प्रकरणे मात्र निराळी. ती प्रचलित शाफई पाठ्यग्रंथांतून, विशेषतः 'फत्ह अल-करीब'मधून, जवळजवळ भाषांतर करून घेतलेली आहेत. कुटुंब आणि व्यापार शरियतकडे, राजदरबार आणि फौजदारी बरीचशी प्रथेकडे, अशी वाटणी तिथेच दिसते. समुद्रासाठी तर स्वतंत्र संहिता होती. सुलतान महमूद शाहच्या काळात नाखुद्यांनी ती जमवली. तिच्यात नाखुदा म्हणजे जहाजावरचा राजाच. खोल समुद्रात मृत्युदंड देण्यापर्यंत त्याचा अधिकार जातो.

मलाक्का पडल्यावर पुढे काय झाले?

संहिता मेली नाही. तिच्या नकला पहांग, जोहोर, पेराक, केदाह, पातानी अशा दरबारांत गेल्या आणि प्रत्येकाने आपली भर घातली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या पहांगच्या संहितेत शाफई फिक्हचे प्रमाण मलाक्कापेक्षा स्पष्टपणे वाढलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा हा सर्वांत मोठा बदल. तो घडला तो सुलतानांपेक्षा किताबांमुळे. रानिरीने 'सिरात अल-मुस्तकीम' मलयमध्ये लिहिले ते फक्त इबादतीपुरते, म्हणजे नमाज-रोजासारख्या उपासनेपुरते. व्यवहार, लग्न, गुन्हे, न्यायदान यांवर अब्दुर्रऊफ सिंगकिलीने 1663 मध्ये 'मिरात अत-तुल्लाब' पूर्ण केले. ते लिहवून घेतले आचेच्या सफियतुद्दीन या राणीने. बाईने गादीवर बसणे शरियतला धरून आहे का, यावर त्याच काळात वाद चालू होता! अठराव्या शतकात बोर्निओतल्या बंजारच्या मुहम्मद अर्शदचे 'सबील अल-मुहतदीन' आले, नंतर पातानीच्या दाऊद अल-फतानीचे ग्रंथ. पोंदोक म्हणजे निवासी मदरशांतून शिकलेले इमाम गावोगावी गेले आणि दरबारापर्यंत न पोचणारे तंटे त्यांनी या किताबांवरून सोडवले.

'आदत' म्हणजे काय? ती शरियतच्या विरोधात नाही का?

आदत म्हणजे रूढी-परंपरेचा कायदा. तिच्या दोन शाखा आहेत. 'आदत तेमेंगुंग' बहुतेक राज्यांत चालते, ती पितृवंशाला आणि राजसत्तेला जवळची. 'आदत परपातिह' नेगेरी सेंबिलानमध्ये चालते. ती सुमात्रातून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांची मातृवंशीय पद्धत आहे. तिथे वडिलोपार्जित जमीन आईकडून लेकीकडे जाते. मुलाचे नाव सातबाऱ्यावर चढावे तसे तिथे लेकीचे चढते.

कुराणातल्या वाटणीशी हे उघडच जुळत नाही. 1909 मध्ये इंग्रज प्रशासनाने रूढीच्या जमिनींसाठी वेगळा कायदा केला आणि अशा जमिनी कुळाबाहेर जाऊ नयेत अशी तरतूद केली. 1951 मध्ये रेंबाऊत धर्माधिकाऱ्यांनी या वारशाला हरकत घेतली तेव्हा मोठे रण माजले, पण जमीन बायकांच्याच नावावर राहिली. रोजच्या व्यवहारातली तडजोड अशी: कुळाची जमीन आदतीप्रमाणे, स्वकष्टार्जित मालमत्ता शरियतप्रमाणे. गोंधळ होतो तो जमीन यातल्या कोणत्या खात्यात मोडते याची नोंद नसते तेव्हा.

बायकोला फक्त आठवा हिस्सा मिळतो, हे खरे का?

अर्धेच खरे. मूल असेल तर नवऱ्याच्या वारशात विधवेचा हिस्सा एक-अष्टमांश, हे कुराणातले प्रमाण. पण मलय समाजात वारसा वाटण्याआधी 'हार्ता सपेंचारियान' बाजूला काढतात, म्हणजे संसारात दोघांनी मिळून कमावलेले. नवऱ्याबरोबर शेतात राबणाऱ्या बाईचा वाटा मानणारी ही जुनी आदत पुढे शरिया कोर्टांनी आपलीशी केली. मलेशियाच्या संघीय प्रदेशांच्या 1984 च्या इस्लामी कुटुंब कायद्यात ती कलम 58 मध्ये आहे. त्या कलमात घटस्फोटाच्या वेळच्या वाटणीचा उल्लेख आहे, पण नवरा वारल्यावरही कोर्टे हा दावा ऐकतात.

उदाहरण घेऊ. नवरा वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. नवऱ्याचे आईवडील हयात नाहीत. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज फेडून 2,40,000 रिंगिट उरले, सगळे संसारात कमावलेले. कोर्टाने बायकोचा वाटा अर्धा धरला तर 1,20,000 तिचे. ते वारशात धरायचेच नाहीत. उरलेल्या 1,20,000 चा आठवा हिस्सा, 15,000, पुन्हा तिचा. राहिलेले 1,05,000 मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात: मुलगा 52,500, प्रत्येक मुलगी 26,250. म्हणजे बायकोच्या हाती एकूण 1,35,000 येतात. दावाच केला नसता तर फक्त 30,000 आले असते.

अर्धा वाटा ठरलेला नाही, हे लक्षात ठेवा. दोघांनी प्रत्यक्ष कमावले असेल तर कोर्टाचा कल समान वाटणीकडे असतो. एकट्याची कमाई असेल तर त्याला जास्त आणि घर सांभाळणाऱ्याला कमी, अनेकदा एक-तृतीयांश. चूक होते ती क्रमात. वारस आधी शरिया कोर्टातून वाटणीचा दाखला, 'सिजिल फराइद', काढून जमीन कचेरीत जातात. तिथे सगळ्यांची नावे अपूर्णांकांत चढतात आणि विधवेला नंतर आठवते की आपला दावा राहिलाच. आधी सपेंचारियान, मग फराइद म्हणजे कुराणाप्रमाणे वारशाची वाटणी.

इंग्रजांनी शरियत संपवली का?

संपवली नाही. आकसवली, आणि त्याच वेळी तिला कचेरी दिली. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच आजचा मलेशिया समजतो.

20 जानेवारी 1874 च्या पांगकोर करारात पेराकच्या सुलतानाने इंग्रज रेसिडेंट स्वीकारला. त्याचा सल्ला 'मलय धर्म आणि रूढी' सोडून प्रत्येक बाबतीत घ्यायचा आणि पाळायचा. पहिला रेसिडेंट बर्च याचा पुढच्याच वर्षी खून झाला, पण ही चौकट टिकली. महसूल, फौजदारी, जमीन, करार हे सगळे 'धर्माबाहेरचे' ठरले. सुलतानाच्या ताब्यात राहिला तो धर्म, आणि धर्माचा अर्थ लग्न-तलाक, वारसा, मशीद, जकात एवढाच उरला.

रिकाम्या झालेल्या जागेत आले ते बहुतांशी भारतातले कायदे. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही 1867 पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होती. भारतीय दंड संहितेवरून तिथली दंड संहिता झाली आणि 1872 च्या भारतीय करार कायद्यावरून मलय राज्यांचा करार कायदा. आपल्याकडे 2024 मध्ये कलम 420 निवृत्त झाले, मलेशियात फसवणुकीला अजूनही 420 च लागते.

दुसरी बाजू कचेरीची. 1880 मध्ये सिंगापूर-पेनांगमध्ये मुस्लिम विवाह नोंदणीचा कायदा आला आणि काझी सरकारी चौकटीत आले. भारताचा काझी कायदाही त्याच सालचा. 1915 मध्ये केलांतानने 'मजलिस उगामा' ही धार्मिक परिषद स्थापली. मशिदी, जकात, फतवे एका कार्यालयाखाली आणणारा तो नमुना पुढे इतर राज्यांनी उचलला. ज्याची दाद पूर्वी सुलतान आणि गावचा इमाम यांच्याकडे लागे, त्याला आता वही, शिक्का आणि पगारी माणूस मिळाला.

कोर्टांनी शरियतला 'परकी' मानले का?

काही काळ तसेच वागवले. काझींना साक्षीदार म्हणून बोलावून 'तुमचा कायदा काय सांगतो' असे विचारत. 1927 मध्ये सपेंचारियानच्याच एका खटल्यात अपील कोर्टाने बजावले की मुस्लिम कायदा हा परदेशी कायदा नाही, या भूमीचा कायदा आहे. तो साक्षीने सिद्ध करायचा नसतो, न्यायाधीशाला तो ठाऊक असला पाहिजे. निकाल उत्तम, पण दहाच वर्षांनी, 1937 मध्ये, इंग्लंडचा कॉमन लॉ रीतसर लागू करणारा कायदा झाला. 1948 मध्ये काझी कोर्टे संघीय न्यायालयांच्या उतरंडीतून वगळली गेली. न्यायालयीन निकालाचे कौतुक करताना कायदेमंडळ काय करत होते तेही पाहावे लागते.

1957 नंतर काय बदलले?

संविधानाच्या अनुच्छेद 3 ने इस्लामला संघाचा धर्म म्हटले. पण नवव्या परिशिष्टाने शरियत राज्यांच्या यादीत टाकली, आणि तीही मुसलमानांपुरती, मुख्यतः कुटुंब, वारसा, वक्फ, जकात आणि धर्मनियमांविरुद्धचे गुन्हे एवढ्यावर. सुलतान असलेल्या राज्यात धर्माचा प्रमुख सुलतान. अनुच्छेद 160 मध्ये 'मलय' व्यक्तीची व्याख्याच इस्लाम धर्म, मलय भाषा आणि मलय रूढी या तीन गोष्टींवर आहे, त्यामुळे वंश आणि धर्म एकमेकांत कायद्यानेच गुंतले.

शिक्षेची मर्यादा संसदेने घातली. 1965 च्या कायद्यात शरिया कोर्टाला सहा महिने कैद किंवा 1,000 रिंगिट दंड इतकाच अधिकार होता. 1984 च्या दुरुस्तीने तो तीन वर्षे, 5,000 रिंगिट आणि सहा फटके झाला. मलेशियन वकील याला '356' म्हणतात. 1988 मध्ये अनुच्छेद 121 ला 1अ हे पोटकलम जोडले: शरिया कोर्टाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी उच्च न्यायालयांना अधिकार नाही. हेतू होता काझीचा निकाल वरचेवर उलटवला जाऊ नये. नवी अडचण अशी की नवरा-बायकोपैकी एकाने इस्लाम स्वीकारला तर मुलांचा प्रश्न कोणत्या कोर्टात न्यायचा, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. 2018 मध्ये संघीय न्यायालयाने ठरवले की मुलांच्या धर्मांतराला आईवडील दोघांचीही संमती लागते.

तोंडी तलाक चालतो का? आणि दुसरे लग्न?

तलाक कोर्टात अर्ज करून, कोर्टाच्या परवानगीने, कोर्टासमोर उच्चारायचा. बाहेर उच्चारला तर तो शरियतप्रमाणे झाला की नाही हे कोर्ट तपासते आणि नवऱ्यावर खटलाही होतो. तो झाला असे ठरले तर झाला. शिक्षेने तो रद्द होत नाही, हे अनेकांना कळत नाही. बाईला खुला (नवऱ्याला मोबदला देऊन सुटका) आणि फस्ख (कोर्टाने लग्न रद्द करणे) हे मार्ग आहेत, शिवाय 'तालीक'चा. लग्नाच्या वेळीच नवरा लेखी अट मान्य करतो की ठरावीक मुदत, सहसा चार महिने, पोषण दिले नाही तर बायको कोर्टात जाऊन सुटू शकेल.

दुसऱ्या लग्नाला कोर्टाची लेखी परवानगी लागते आणि पहिल्या बायकोला सुनावणीला बोलावतात. पळवाट म्हणून जोडपी सीमा ओलांडून थायलंडमध्ये निकाह लावतात. ते लग्न सहा महिन्यांत नोंदवावे लागते. नोंदवले नाही तर मुलाच्या जन्मदाखल्यापासून वारशापर्यंत सगळे अडकते.

मलेशियात हात तोडण्याची शिक्षा आहे का?

नाही. केलांतानने 1993 मध्ये आणि तेरेंगानूने 2002 मध्ये हुदूदचे, म्हणजे शरियतने ठरवून दिलेल्या शिक्षांचे, कायदे मंजूर केले, पण संघीय मर्यादेमुळे ते अंमलात आले नाहीत. 9 फेब्रुवारी 2024 रोजी संघीय न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी केलांतानच्या 2019 च्या कायद्यातल्या 16 तरतुदी रद्द केल्या. कारण धार्मिक नव्हते. ते गुन्हे संसदेच्या अखत्यारीत येतात, राज्याच्या नाही, एवढाच मुद्दा होता. ब्रुनेईत शरिया दंड संहिता 3 एप्रिल 2019 पासून पूर्ण लागू आहे, पण मृत्युदंडावर सुलतानाने त्याच वर्षी मे महिन्यात स्थगिती जाहीर केली.

सिंगापूर आणि थायलंडमधल्या मलय मुसलमानांचे काय?

सिंगापूरला शरिया कोर्ट 1958 पासून आहे, मुख्य कायदा 1966 चा. फक्त कौटुंबिक बाबी. थायलंडमध्ये पातानी, याला, नराथिवात आणि सतून या चार प्रांतांत 1946 च्या कायद्याने कुटुंब व वारशाचे खटले साध्या दिवाणी कोर्टातच चालतात, पण थाई न्यायाधीशाच्या शेजारी 'दातो युतिथाम' हा मुस्लिम न्यायाधिकारी बसतो. शरियतच्या मुद्द्यावर त्याचा शब्द अखेरचा, अपील नाही.

क्वालालंपूरला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला यातले काय लागू होते?

हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती असाल तर शरिया कोर्टाचा तुमच्यावर अधिकार नाही. तुमचे लग्न 1976 च्या दिवाणी विवाह कायद्याखाली येते, जो 1 मार्च 1982 पासून लागू आहे. मुसलमान असाल, मग कोकणी असा वा दखनी, तर तिथे राहता तोवर इस्लामी कुटुंब कायदा लागू. पासपोर्ट भारतीय असल्याने सुटका नाही. हनफी घरातल्या मुलीने इथे एक लक्षात ठेवावे: शाफई मतात प्रौढ मुलीच्या लग्नालाही वली, म्हणजे वडील किंवा तसा पालक, लागतो, आणि नोंदणी कचेरी त्याची संमती मागतेच. वडील भारतात असतील तर अधिकारपत्राचे कागद आधीच पाठवून ठेवावेत.